नक्कल आहे, रुजवात नाही

सरकारी दफ्तरातून जुन्या कागदाची नक्कल काढली की तिच्या तळाशी दोन सह्या असतात. एक नक्कल करणाऱ्याची, दुसरी रुजवात घेणाऱ्याची. पहिल्याने मूळ कागद समोर ठेवून उतरवून घेतलेलं असतं. दुसऱ्याने मूळ आणि नक्कल शेजारी धरून अक्षर न् अक्षर ताडलेलं असतं. नकलेची पत त्या दुसऱ्या सहीवर उभी असते. पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो आहे, आणि आमच्या धंद्यातून ती दुसरी सही नाहीशी झाली आहे. डेटाबेसमधल्या टेबलाची आम्ही हाताने नक्कल उतरवतो, तिला क्लास किंवा स्ट्रक्ट म्हणतो, आणि ती मुळाशी जुळते का हे कोणाच्या तरी खात्यावर चुकीचा आकडा पडेपर्यंत पाहत नाही. हे काम कंपायलरचं आहे. ते त्याच्याकडून करून न घेणं हा गुन्ह्याच्या जवळ जाणारा आळस आहे, असं माझं ठाम मत आहे.

एका साध्या कर्जाच्या टेबलामागे किती नकला असतात ते कोणत्याही प्रकल्पात जाऊन मोजा. टेबल एकच, चार कॉलमचं: कर्ज क्रमांक, मुद्दल, व्याजदर, तारीख. त्याची पहिली नक्कल एंटिटी क्लासमध्ये. दुसरी, बाहेर पाठवायला केलेल्या वेगळ्या क्लासमध्ये. या दोघांत माल हलवणारा मॅपर ही तिसरी. फॉर्मवरचे तपासणीचे नियम, एपीआयचा दस्तऐवज, ब्राउझरसाठी टाइपस्क्रिप्टमधला इंटरफेस, टेस्टमधला खोटा डेटा, या पुढच्या चार. सातही नकला वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या महिन्यांत टाइप केलेल्या. मूळ बदललं की सातही बदलल्या पाहिजेत, आणि ते लक्षात ठेवायची जबाबदारी कोणाच्या तरी डोक्यावर टाकलेली. मग ते डोकं नोकरी बदलतं.

काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका पतसंस्थेच्या कर्ज-प्रणालीवर मी काम करत होतो. सुरुवातीला प्रत्येक कर्जाचा व्याजदर त्या कर्जाच्याच ओळीत होता आणि तो कॉलम 'नॉट नल' होता, म्हणजे रिकामा ठेवायला डेटाबेसचीच मनाई. पुढे संस्थेने कर्जयोजना आणल्या. व्याजदर योजनेच्या टेबलात गेला, आणि कर्जाच्या ओळीतला कॉलम रिकामा ठेवायची मुभा दिली गेली. रिकामा म्हणजे 'योजनेचा दर लावा'. बदल योग्य होता. ज्याने केला त्याने काउंटरवरच्या स्क्रीनचा कोडही नीट बदलला. पण महिनाअखेरची व्याज-आकारणी करणारा रात्रीचा जॉब दुसऱ्या प्रकल्पात होता, आणि त्याच्याकडे कर्जाच्या टेबलाची स्वतःची नक्कल होती. ती मी उतरवली होती. तिच्यात व्याजदर साधा 'डबल' होता.

जावाची डेटाबेसशी बोलायची पद्धत, जेडीबीसी, १९९७ साली जेडीके १.१ सोबत आली. तिच्यात कॉलममधून आकडा काढणारं 'गेटइंट' किंवा 'गेटडबल' हे फंक्शन कॉलम रिकामा असला तर शून्य परत देतं. चूक सांगत नाही, थांबत नाही. शून्य खरं की रिकाम्याचं, हे हवं असेल तर लगेच 'वॉजनल' नावाचं दुसरं फंक्शन बोलवून विचारायचं. ते मी विचारलं नव्हतं, कारण मी नक्कल उतरवली त्या दिवशी तो कॉलम रिकामा असूच शकत नव्हता. कोड बिल्ड झाला. टेस्ट हिरव्या आल्या, कारण टेस्टमधल्या खोट्या कर्जांना सगळीकडे दर भरलेला होता. आणि नव्या योजनेतल्या कर्जांवर त्या महिन्यात शून्य टक्के व्याज लागलं.

पुढच्या महिन्यात दोन्ही महिन्यांचं व्याज एकदम वसूल झालं. सभासद काउंटरवर आले. त्यांचं ऐकून घेतलं ते काउंटरवर बसणाऱ्या बाईंनी. त्यांनी ते टेबल कधी पाहिलं नव्हतं, तो क्लास लिहिला नव्हता, आणि 'नल' म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. चूक आमची, बोलणी त्यांना. दुसऱ्या दिवसापासून आम्ही उपाय काय केला? 'टेबल बदलताना सर्व प्रकल्पांना कळवावे' अशी एक ईमेल. आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

आता हेच उलटं करून पाहा. तो क्लास मी हाताने लिहिलाच नसता, बिल्डच्या वेळी टेबलाच्या व्याख्येवरून यंत्राने तयार केला असता, तर कॉलमची मनाई उठली त्या दिवशी त्या फील्डचा प्रकार आपोआप 'आकडा' वरून 'आकडा किंवा काहीच नाही' असा झाला असता. रस्ट, कॉटलिन किंवा एफ-शार्पमध्ये मुद्दल गुणिले व्याजदर ही ओळ तिथल्या तिथे अडली असती. बिल्ड लाल. जावाचा प्रकार इतका काटेकोर नाही, तिथे 'बिगडेसिमल' मध्ये नल बसतो. पण निदान जॉब मध्यरात्री कोसळला असता, झोपेतून मला उठवलं गेलं असतं, आणि खात्यांवर शून्य पडलं नसतं. माझी झोप गेली तर कोणाचं काही बिघडत नाही.

या गोष्टीचा मला जास्त राग येतो, कारण ही कल्पना नवी नाही. १९९८ साली मी नोकरीला लागलो तेव्हा पुण्यातल्या माझ्यासारख्या पोरांना वायटूकेच्या कामाने मेनफ्रेमवर नेऊन बसवलं. तिथे आयबीएमचा डीबीटू होता, आणि त्यात डीसीएलजेन नावाची सोय होती. टेबलाचं नाव द्यायचं. ती कॅटलॉग वाचून कोबॉलचं रेकॉर्ड, शून्य-एक लेव्हलपासून खालपर्यंत, पिक्चर क्लॉजसकट छापून द्यायची. सोबत टेबलाची व्याख्याही. प्रीकंपायलर तुमचं एसक्यूएल त्या व्याख्येशी ताडायचा, आणि पुढे 'बाइंड' करताना डीबीटू स्वतःच्या कॅटलॉगशी पुन्हा ताडायचा. प्रोग्रॅम एका बिल्डचा आणि बाइंड दुसऱ्या बिल्डचा असेल तर दोघांवर मारलेला शिक्का जुळायचा नाही, आणि चालवल्यावर मायनस ८१८ येऊन प्रोग्रॅम तिथेच थांबायचा. रिकामा कॉलम तुम्ही इंडिकेटर न ठेवता वाचलात तर मायनस ३०५. शून्य नाही. मायनस ३०५, आणि थांबा. टेबल बदलल्यावर डीसीएलजेन पुन्हा चालवायचं हे माणसाने लक्षात ठेवायला लागायचं, हे खरं. पण रुजवात घेणारा जागेवर होता.

ज्या कोबॉलला आमची पोरं नाक मुरडतात, त्या कोबॉलमधल्या बँका रिकाम्याला शून्य समजत नव्हत्या. आम्ही ते जुनाट म्हणून फेकलं आणि त्याच्या जागी हाताने टाइप केलेले क्लास आणले.

ओरॅकलमध्येही हेच होतं. पीएल-एसक्यूएलमध्ये व्हेरिएबल जाहीर करताना प्रकार लिहायचाच नाही, फक्त म्हणायचं, 'या टेबलाच्या या कॉलमचा जो असेल तो'. पर्सेंट-टाइप. अख्ख्या ओळीसाठी पर्सेंट-रोटाइप. प्रकार येतो तसा आकारही येतो. टेबल बदललं की त्यावर टेकलेलं पॅकेज 'इनव्हॅलिड' ठरतं आणि पुन्हा कंपाइल व्हावं लागतं. जुळलं नाही तर चूक ओळ क्रमांकासकट समोर.

आकार येतो ही बाब मराठी माणसाने तरी हलक्यात घेऊ नये. ओरॅकलमध्ये आडनावाचा कॉलम 'व्हारचार-टू ३०' असा केला तर मुळातल्या सेटिंगप्रमाणे ते ३० म्हणजे ३० बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि हलन्त, काना, मात्रा, सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे कॉलममध्ये मावतात दहा चिन्हं. 'राजाध्यक्ष' दहा चिन्हांचं आहे, नेमकं बसतं. 'सहस्रबुद्धे' डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात, चिन्हं अकरा, बाइट तेहेतीस. बसत नाही. पोस्टग्रेसमध्ये तोच '३०' चिन्हं मोजतो, तिथे बसतं. हा सगळा तपशील टेबलाच्या व्याख्येत नोंदलेला आहे. हाताने उतरवलेल्या नकलेत काय असतं? 'स्ट्रिंग'. झालं. लांबी गळाली, मोजमाप गळालं. मग फॉर्म तीस अक्षरं स्वीकारतो, डेटाबेस दहा चिन्हांवर हात वर करतो, आणि सहस्रबुद्धे बाईंना 'अवैध नाव' असा संदेश येतो. ओरॅकल निदान नकार देतो. मायएसक्यूएल २०१५ च्या ५.७ आवृत्तीपर्यंत, मुळातल्या सेटिंगवर ठेवलं तर, जास्तीचा भाग कापून उरलेलं ठेवून घ्यायचं आणि फक्त इशारा द्यायचं. तो इशारा कोण वाचत होतं?

यावर आमचे जावावाले मित्र सांगतात की त्यांच्याकडे हायबरनेट आहे आणि त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही. उरतो, आणि वाईट होतो. हायबरनेटमध्ये एक सोय आहे की क्लास हेच मूळ मानायचं आणि त्यावरून टेबल बनवायचं. तिचा 'अपडेट' हा पर्याय मी एकाहून अधिक ठिकाणी प्रॉडक्शनवर चालू पाहिला आहे. तो फक्त भर घालतो. जुना कॉलम काढत नाही, नाव बदललं हे त्याला समजत नाही. तुम्ही क्लासमध्ये 'पत्ता' चं 'कायमचा पत्ता' केलंत की टेबलात त्या नावाचा नवा, कोरा कॉलम उगवतो, आणि लोकांचे सगळे पत्ते जुन्या कॉलममध्ये पडून राहतात. स्क्रीनवर सगळ्यांचे पत्ते गेले. कोणीही काहीही पुसलेलं नाही, तरी गेले.

इथे सोयीपेक्षा मोठा प्रश्न आहे. क्लासला मूळ मानणारा माणूस असं गृहीत धरतो की डेटा त्याच्या प्रोग्रॅमचा आहे. तो नाही. एडगर कॉड यांनी १९७० च्या त्यांच्या निबंधात रिलेशनल मॉडेल मांडलं तेच मुळी यासाठी की डेटा कसा साठवला आहे याच्याशी प्रोग्रॅम बांधला जाऊ नये, आणि एकच मोठी डेटा-बँक अनेकांना वापरता यावी. पतसंस्थेचं कर्जाचं टेबल काउंटरची स्क्रीन वाचते, रात्रीचा जॉब वाचतो, ऑडिटरचा अहवाल वाचतो, उद्या मोबाइल ॲप वाचेल. स्क्रीनचा कोड दर पाच वर्षांनी नवा लिहितात. टेबल तेच राहतं, कर्ज तेच राहतं, कर्ज घेणारा माणूस तोच राहतो. मग मूळ दस्त कोणता, यावर वाद घालायला जागा कुठे आहे?

रूबी ऑन रेल्सने २००४ मध्ये तिसरी वाट काढली: क्लासमध्ये कॉलम लिहूच नका, प्रोग्रॅम चालू झाला की तो डेटाबेसला विचारून घेईल. नक्कल गेली, हे मी मान्य करतो, आणि त्या लोकांनी तेवढं तरी ओळखलं. पण रुजवात कोणत्या वेळी? गिऱ्हाईक दारात आल्यावर. शिवाय टेबलाचा तपशील कोडमध्ये कुठे दिसतच नाही. रेल्स ज्यांच्या घरात जन्माला आलं त्या बेसकॅम्पच्या इव्हेंट्स टेबलातले आयडी ८ नोव्हेंबर २०१८ रोजी २,१४,७४,८३,६४७ वर पोचले. चार बाइटच्या इंटिजरची ती शेवटची संख्या. सुमारे पाच तास लोकांना आपलं काम फक्त वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. रेल्सने नव्या टेबलांसाठी मोठा इंटिजर आदल्याच वर्षी मुळातला केला होता, जुनं टेबल मागे राहिलं. स्कीमावरून स्ट्रक्ट तयार झाला असता म्हणून तो कॉलम रुंद झाला असता, असा खोटा दावा मी करणार नाही. पण 'आयडी: ३२ बिट' हे रोज वाचल्या जाणाऱ्या कोडमध्ये छापलेलं असतं, आणि बिल्डमध्ये एका ओळीचा नियम लावून ते अडवता आलं असतं.

चांगली हत्यारं आज हाताशी आहेत, म्हणून तर सबब उरलेली नाही. २०१२ मध्ये एफ-शार्प ३.० मध्ये डॉन साइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाइप प्रोव्हायडर आणले. तुम्ही कोड टाइप करत असतानाच कंपायलर डेटाबेसकडे जाऊन कॉलम विचारून येतो, चुकीचं नाव लिहिलं की तिथेच लाल रेघ. जावात जूक आहे, स्कीमा वाचून क्लास छापतं. गोमध्ये एसक्यूएलसी आहे, तुम्ही लिहिलेली स्कीमाची फाइल आणि क्वेऱ्या वाचून स्ट्रक्ट आणि फंक्शनं लिहून देतं. डी भाषेत तर कंपाइल होतानाच फाइल वाचता येते आणि त्या मजकुरातून स्ट्रक्ट घडवता येतो, वेगळं हत्यारही लागत नाही. रस्टमधल्या एसक्यूएलएक्सची मॅक्रो तुमची क्वेरी बिल्डच्या वेळी खऱ्या डेटाबेसला दाखवते आणि उत्तरात कोणते कॉलम, कोणत्या प्रकारचे येतील ते विचारून त्याप्रमाणे प्रकार ठरवते.

माझ्या मते यातली क्वेरी ताडणारी हत्यारं टेबल ताडणाऱ्यांपेक्षा श्रेष्ठ आहेत, आणि याचं कारण पुन्हा तो रिकामा कॉलम आहे. टेबलात 'नॉट नल' असलेला योजनेचा दर, कर्जाला लेफ्ट जॉइन करून मागवला की रिकामा येऊ शकतो, कारण त्या कर्जाला योजनाच नसेल. टेबलावरून छापलेला स्ट्रक्ट इथे खोटं बोलतो. प्रकार ठरतो तो क्वेरीच्या उत्तराचा, टेबलाचा नव्हे. आणि इथे डेटाबेसही पुरेसं बोलत नाहीत. पोस्टग्रेस तयार केलेल्या क्वेरीबद्दल कॉलमचा प्रकार सांगतो, तो कोणत्या टेबलाचा हेही सांगतो, पण उत्तरात तो रिकामा असू शकेल का, हे सांगत नाही. व्ह्यू असेल तर कॅटलॉगमध्ये कोणताच कॉलम 'नॉट नल' नसतो. एसक्यूएलएक्स बिचारं क्वेरीचा प्लॅन काढून जॉइनवरून अंदाज बांधतं. जमत नसेल तिथे प्रोग्रॅमरने कॉलमच्या नावापुढे उद्गारचिन्ह लावून सांगायचं की हा रिकामा येणार नाही, माझी हमी. ही हमी विचार करून द्यायची असते. मी असे प्रकल्प पाहिले आहेत जिथे बिल्ड अडला की पोरं दिसेल त्या कॉलमला उद्गारचिन्ह लावत सुटतात. रुजवातीचा शिक्का खिशात घालून फिरणारा कारकून आणि हे, यांच्यात मला फरक दिसत नाही. माझ्या टीममध्ये उद्गारचिन्हाशेजारी कारण लिहिलेलं नसेल तर तो कोड आत येत नाही.

आक्षेप दोन ऐकू येतात. बिल्डला डेटाबेस लागतो, मग विमानात बसून बिल्ड कसा करायचा? स्कीमाची फाइल कोडसोबत रिपॉझिटरीत ठेवून. एसक्यूएलसी त्यावरच चालतं, जूकला डीडीएलची फाइल चालते, एसक्यूएलएक्स क्वेऱ्यांची उत्तरं एका फोल्डरमध्ये साठवून डेटाबेसशिवाय बिल्ड करतं. सुटलेला प्रश्न आहे. दुसरा आक्षेप खरा आहे: बिल्डच्या वेळी जुळलं म्हणून प्रॉडक्शनवर जुळेल कशावरून, तिथे कोणीतरी मध्यरात्री हाताने कॉलम बदलला असेल. बरोबर. म्हणून स्कीमाचा ठसा प्रोग्रॅममध्ये ठेवा, सुरू होताना समोरच्या डेटाबेसशी ताडा, आणि जुळला नाही तर सुरू होऊ नका. शिक्का ताडल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही हा मायनस ८१८ चाच रिवाज आहे. यासाठी नवं काही शोधायचं नाही.

खरा अडसर आक्षेपांत नाही, अंदाजपत्रकांत आहे. आमच्याकडे काम माणूस-दिवसांवर विकलं जातं. 'एंटिटी आणि मॅपर लिहिणे, बारा दिवस' ही ओळ मी किती तरी अंदाजपत्रकांत वाचली आहे. बिल्डमध्ये काही सेकंदांत होणाऱ्या कामाचे बारा दिवसांचे पैसे घेतले जातात, आणि त्या बारा दिवसांत नुकती कॉलेजातून आलेली हुशार पोरं कॉलमची नावं इकडून तिकडे टाइप करत बसतात. त्यांना आम्ही सांगतो की तुम्ही इंजिनिअर आहात. त्यांच्या हातून एक कॉलम चुकला की दोष त्यांचा, आणि त्यांना हे काम दिलं कोणी, हे कोणी विचारत नाही. मॅनेजरांना माझं सांगणं आहे: ती ओळ खोडा. त्या मुलांना क्वेऱ्या लिहायला, स्कीमा आखायला, 'रिकामा' म्हणजे इथे नेमकं काय हे सभासदाला आणि काउंटरवरच्या बाईंना विचारून यायला पाठवा.

आणि जे स्वतः कोड लिहितात त्यांना: आज घरी जायच्या आधी तुमच्या टेस्ट डेटाबेसमधला पैशाशी संबंध असलेला एक 'नॉट नल' कॉलम उघडा, त्याची मनाई उठवा आणि सगळे प्रकल्प बिल्ड करा. एकही बिल्ड अडला नाही, तर तुमच्याकडे रुजवात नाही. हाताने लिहिलेल्या नकलांच्या फाइली कुठे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या काढायला उद्यापासून लागा.